दहानंतर पुन्हा एक

माणसानं बँकेत वीस वर्षं कारकुनी केली की नातेवाईक त्याच्याकडे दोनच कामांसाठी येतात. एक, कर्ज मिळेल का हे विचारायला. आणि दोन, मिळालेलं कर्ज फेडलं नाही तर काय होतं हे विचारायला. त्यामुळे पुण्याहून माझा भाचा खास परभणीला आला आणि "मामा, तुमचं मत पाहिजे" असं म्हणाला, तेव्हा सवयीनं मी "जामीनदार कोण?" असं विचारून बसलो.

त्याला कर्ज नको होतं. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि परीक्षेसाठी म्हणून त्यानं मोबाइलवरचा एक खेळ तयार केला होता. पडद्यावर खाली तबला आणि डग्गा. वरून ठिपके घरंगळत येतात. ठिपका रेषेवर टेकला की त्या बाजूला बोट मारायचं. आधी मारलं तर चूक, नंतर मारलं तरी चूक. अशा एकूण आठ लेव्हल.

"कुठली लेव्हल सोपी वाटते, कुठली अवघड, कुठं एकदम उडी पडते, कुठं कंटाळा येतो, एवढं लिहून द्या," भाचा म्हणाला. "तुम्ही तबल्याच्या परीक्षेला बसला होतात ना?"

बसलो होतो, यात शंका नाही. उठलो कसा, ते पुढं येईल.

मी फोन हातात घेतला. पहिली लेव्हल म्हणजे संथ लयीतला त्रिताल. सोळा मात्रा, चार खण. ठिपके इतक्या सावकाश येत होते की एक ठिपका खाली पोचेपर्यंत मला बँकेतल्या दोन गोष्टी आठवत होत्या, आणि तिसरी आठवायच्या आत ठिपका रेषा ओलांडून गेलेला असायचा. चौथ्या खणात खेळ संपला. पुन्हा सुरू केला, पुन्हा संपला. मग सहावीतल्या माझ्या मुलीनं फोन घेतला आणि पाचव्या लेव्हलपर्यंत जाऊन, मध्ये पोहे खाऊन, परत आणून दिला.

आता एखाद्या साध्या माणसानं 'पहिली लेव्हल अवघड आहे' एवढं लिहून भाच्याची बोळवण केली असती. पण मी बी.कॉम. आहे. मागची फाइल पाहिल्याशिवाय शेरा मारायचा नाही, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. तेव्हा ताल शिकवताना पायऱ्या पाडायची ही पद्धत मुळात कुणी आणली, याची मागची फाइल मी काढली. ती निघाली थेट देवगिरीला.

आम्हा परभणीकरांचा देवगिरीशी संबंध देवगिरी एक्स्प्रेसपुरता. गाडी रात्री येते आणि आरक्षण मिळत नाही. पण तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या राज्यात, शार्ङ्गदेव नावाच्या गृहस्थानं तिथं 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. संगीतातली माणसं आजही हे नाव घेताना कानाला हात लावतात. मी मात्र दुसऱ्याच कारणासाठी लावला. हा शार्ङ्गदेव यादवांच्या दरबारात हिशेबखात्याचा अधिकारी होता! म्हणजे आमच्याच बिरादरीतला. आजोबा काश्मीरहून आलेले आणि नातू इथं जमाखर्च बघता बघता संगीताचे सात अध्याय लिहून मोकळा. आमच्या शाखेत कुणी चार ओळींची कविता केली तर तिचं जाहीर वाचन फक्त निरोप समारंभातच होऊ शकतं.

पाचवा अध्याय तालाचा, सहावा वाद्यांचा. तालाचा अध्याय वाचताना हिशेबनिसाचा हात स्पष्ट दिसतो. लघु, गुरू, प्लुत अशी कालाची नाणी ठरवलेली. आणि त्या नाण्यांत एकशेवीस देशी ताल मांडून ठेवलेले. खातेवहीच ती. त्याखेरीज जुने मार्गी ताल पाच, आणि त्यांची नावं अशी: चच्चत्पुट, चाचपुट, षट्पितापुत्रक, संपक्वेष्टाक, उद्घट्ट. यातलं मधलं नाव मला फार आवडलं. त्या एका नावात पिता आणि पुत्र दोघांनाही जागा मिळाली आहे. मुलींना नाही, हे ताईनं नंतर लक्षात आणून दिलं. ताई म्हणजे भाच्याची आई, माझी थोरली बहीण.

पण एवढ्या मोठ्या खातेवहीत एक गोष्ट नाही. यादी आहे, यत्ता नाहीत. आधी हा ताल शिका, तो पास झालात की तो, असा प्रकार नाही. यत्ता गुरूच्या मनात असायच्या आणि गुरू त्या सांगत नसे.

याला पुरावा घरातलाच आहे. आमचे वडील, अण्णा, गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावी साठ वर्षं मृदंग वाजवत आले. सप्ताह असो, काकडा असो, दिंडी असो, मृदंग अण्णांचा. ते शिकले तालुक्यातल्या एका महाराजांकडं. पहिलं वर्ष मृदंग वाहायचा आणि कणीक मळायची. मृदंगाच्या डाव्या तोंडावर भिजवलेल्या कणकेचा थर लावतात, त्याशिवाय त्यातून धूम निघत नाही. ती किती घट्ट, किती सैल, हवा दमट असली तर किती, हे एक वर्षभर. दुसऱ्या वर्षी नुसतं शेजारी बसायचं. तिसऱ्या वर्षी उजवा हात.

"अण्णा, मग पुढची लेव्हल कधी?" भाच्यानं एकदा विचारलं होतं.

"एकच व्हती," अण्णा म्हणाले. "ती कधी संपली ते कळालं नाही."

ही पद्धत ऐकायला फार गोड आहे. भोगायला नसावी. महाराजांनी ज्याला घेतलं नाही त्याला तालुक्यात दुसरं दार नव्हतं. अण्णांनी स्वतः गावातली पाच-सात पोरं तयार केली. पण ताईला शिकवलं नाही. तिला शिकायचं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. घरातली कणीक मात्र तीच मळायची, सातवीपासून लग्न होईपर्यंत. पोळ्यांचीही आणि मृदंगाचीही. म्हणजे पहिली यत्ता तिनं दहा वर्षं केली आणि दुसरीत तिला कुणी घातलं नाही. ज्या गंगाखेडचं नाव जनाबाईंमुळं लोक घेतात, दळताकांडता अभंग रचणाऱ्या बाईंमुळं, त्या तालुक्यातली ही गोष्ट. असो. हे लिहिताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, कारण उजव्या हातापर्यंत मला नेऊन अण्णांनी माझा नाद सोडला होता आणि ताई तेव्हा दाराच्या आड उभी असायची.

हे बंद दार ज्यांनी उघडलं ते विष्णु दिगंबर पलुसकर. १८७२ साली कुरुंदवाडला जन्म. लहानपणी दारूकामात डोळ्यांना इजा झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. मिरजेचा माणूस लाहोरला जाऊन शाळा काढतो, हेच मला आधी पटेना. आमची बदली जालन्याला झाली तरी आम्ही युनियनकडं धावतो. त्या शाळेत वेळापत्रक होतं, छापील पुस्तकं होती, स्वरलिपी होती, तालाची चिन्हं होती आणि परीक्षा होत्या. गुरूच्या मनातल्या यत्ता कागदावर आल्या. कुणीही यावं, फी भरावी, पहिल्या पायरीवर उभं राहावं.

आणि आता मी ज्या भागात अधिकारवाणीनं बोलू शकतो तो भाग. १९०८ साली पलुसकर मुंबईला आले, शाळा वाढली, इमारत हवी झाली. त्यांनी कर्ज काढून इमारत बांधली. हप्ते फेडायला गावोगाव जलसे केले. संगीताच्या पायऱ्या बांधणारा हा माणूस कर्जाच्या पायऱ्या मात्र चुकला. शेवटी सावकारांनी इमारत लिलावात काढली. मी ते वाचलं आणि फाइल मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. आमच्या टेबलावरून असे प्रस्ताव जातात. उत्पन्नाचा पुरावा: गाणं. तारण: गाणं. मीसुद्धा 'विचार करता येणार नाही' असाच शेरा मारला असता.

१९३१ च्या ऑगस्टात पलुसकर मिरजेला वारले. इमारत गेली, पण शिष्य होते: विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. त्याच वर्षी शिष्यांनी मिळून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं आणि परीक्षांची शिडी उभी राहिली. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद, अलंकार. आज कुठल्याही तालुक्याच्या गावात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, संध्याकाळी ओळीनं बसून पोरं 'धा धिं धिं धा' करत असतात, ती याच शिडीवर चढत असतात. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकही शिडी घट्ट धरून उभे असतात. यात मुलींची संख्या भरपूर असते. माझीही एक असते.

अशाच एका परीक्षेला मी मुलीबरोबर बसलो. कुठल्या संस्थेची ते सांगत नाही. उमेदवारामुळं संस्थेची बदनामी व्हायला नको. सगळ्यात खालची पायरी, वय वर्षं त्रेचाळीस. माझ्यापुढं आठ वर्षांचा एक मुलगा होता, तो मला "काका, तुमचा नंबर कुठंय?" म्हणून विचारून गेला. परीक्षकांनी झपताल हातावर म्हणायला सांगितला. झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन. मी नीट म्हटला. मग म्हणाले, "आता मात्रा बोलून दुगुन दाखवा." मी टाळी देत सुरू केलं. एक दोन, तीन चार... आणि दहा आल्यावर मी अकरा म्हणालो. मग बारा. तेरा म्हणेपर्यंत परीक्षकांचा चेहरा बदललेला दिसला, पण मला थांबता येईना. आयुष्यभर मी नोटा मोजल्या आहेत. मशीन येण्याआधी रबराची टोपी बोटावर चढवून शंभराचं बंडल मी डोळे मिटून मोजलेलं आहे. आमच्या खात्यात दहानंतर अकरा येतात. संगीतात दहानंतर पुन्हा एक येतो, हे मला बुद्धीनं माहीत होतं. तोंडाला माहीत नव्हतं. आमच्या गावाबद्दल 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी म्हण आहेच. माझी परभणी झाली. मुलगी पहिल्या वर्गात आली आणि घरी जाताना तिनं मला आइस्क्रीम घेऊन दिलं, माझ्याच पैशानं.

तर एवढा इतिहास पाठीशी घेऊन मी भाच्याच्या आठ लेव्हल तपासायला बसलो. त्याची चढण अशी होती: दुसऱ्या लेव्हलला दादरा आणि केरवा, तिसऱ्याला रूपक, चौथ्याला झपताल, मग एकताल, पुढं दुगुन, तिगुन, चौगुन, आणि आठवीत दीडपट. म्हणजे वर जावं तसे ठिपके जास्त आणि लय जलद. तिसरीतल्या रूपकावर मी लाल शेरा मारला. बाकीच्या तालांत पहिल्या मात्रेवर सम आणि सम म्हणजे टाळी; रूपकात समेवरच खाली. बिचारा झीरो बॅलन्सचा ताल. नवशिक्याला सांगून ठेवल्याशिवाय तो तिसऱ्या पायरीवर ठेवणं म्हणजे पासबुक हातात देऊन आत काही नाही हे न सांगणं.

"पण मामा, सगळे खेळ असेच असतात," भाचा म्हणाला आणि त्यानं जपानचा दाखला दिला. तिथं २००१ साली नामको कंपनीनं 'तायको नो तात्सुजिन' नावाचा खेळ काढला. खराखुरा ढोल ठेवलेला असतो. लाल ठिपका आला की मध्यावर टिपरू मारायचं, निळा आला की काठावर. एकाच गाण्याच्या चार पायऱ्या: सोपी, साधारण, अवघड, आणि चौथीचं नाव 'ओनी', म्हणजे राक्षस. गाणं तेच, राक्षसाच्या पायरीवर ठिपक्यांचा पाऊस. शिवाय प्रत्येक गाण्याला दहापर्यंत तारे. हे ऐकून मला जपान्यांबद्दल आपुलकी वाटली. आपला त्रितालही प्रारंभिकला असतो आणि अलंकारलाही असतो. राक्षस तेवढा मधल्या काळात वाढतो.

तरी पहिली लेव्हल मला का जमत नाही, हे कोडं सुटत नव्हतं. भाच्यानं ती सगळ्यात सोपी म्हणून ठेवलेली, कारण तिच्यात ठिपके सगळ्यात कमी. माझा अंदाज असा की मोजता येतं तेच आपण अवघड धरतो. मात्रा मोजता येतात, पट मोजता येते, वेग मोजता येतो. म्हणून शिड्या तेवढ्यावरच चढतात. पण विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं. दोन ठोक्यांमधल्या त्या ओसाड जागेत काय करायचं हे कुठल्या यत्तेत येतं? अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी, ज्यांना काहीही वाजवता येत होतं, ते बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत वर्षानुवर्षं गाण्याला ठेका देत बसले, आणि जुनी माणसं त्या ठेक्याची आठवण काढत राहिली. ठेका तर आमच्या पहिल्या पायरीवर असतो.

हे सगळं लिहून काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात भाच्यानं फोन अण्णांच्या हातात दिला.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. चालणं परत आलं, बोलणं आलं, डाव्या हाताची मूठ आली नाही. तेव्हापासून मृदंग खुंटीला आहे. त्याच्याबद्दल ते बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. सप्ताहात आता दुसरा मुलगा वाजवतो. अण्णा मंडपात मागं खांबाला टेकून बसतात आणि लवकर उठून जातात.

फोन त्यांनी मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताच्या एका बोटानं दोन्ही बाजू वाजवू लागले. पहिली लेव्हल. ठिपका यायचा, अण्णांचं बोट किंचित थांबायचं, मग पडायचं. प्रत्येक समेला तसंच. पडद्यावर लाल अक्षरांत 'चूक', 'चूक', 'चूक'. मला उठून फोन काढून घ्यावासा वाटला. साठ वर्षं वाजवलेल्या माणसाला एक पाचशे ग्रॅमसुद्धा न भरणारं यंत्र नापास करत होतं आणि ते यंत्र आमच्याच घरातल्या पोरानं बनवलेलं होतं.

"आजोबा, एक दशांश सेकंद उशीर होतोय," भाचा हळूच म्हणाला.

"उशीर नाही त्यो. थांबायलोय मी."

"कशासाठी?"

अण्णांनी बोट उचललं. "दिंडीत मागं चाळीस टाळकरी ऱ्हातेत. त्यात म्हातारं आसतंय, दम लागलेलं आसतंय. त्याचा टाळ मागून येतोय. त्याला टाकून समेवर एकट्यानं जाऊन काय करतूस? त्याला घेऊन यावं लागतंय." मग फोन उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यासंगं म्हणायलंय कोण?"

भाच्याला उत्तर देता आलं नाही. त्याच्या खेळात कुणीच म्हणत नव्हतं. मागं एक लेहरा होता, पेटीवर, यंत्रानं वाजवलेला. तो कुणासाठी थांबत नव्हता आणि कुणी त्याच्यासाठी थांबायची गरज नव्हती.

मी माझा अहवाल फाडला आणि नवा लिहिला. रूपकाचा शेरा तसाच ठेवला. पहिल्या लेव्हलबद्दल लिहिलं की ती सोपी नाही, तिला सगळ्यात खाली ठेवायचं तर ठेव, पण अजून एक लेव्हल कर जिच्यात गाणारा पुढंमागं होतो आणि वाजवणाऱ्यानं त्याला सांभाळायचं असतं, मार्क त्याचे. खाली सही केली. तारीख घातली. भाचा म्हणाला, हे करणं फार अवघड आहे, यंत्राला चूक आणि सांभाळणं यातला फरक सांगायचा कसा? मी म्हटलं, तेच तर तुझ्या परीक्षेचं बघ.

दिवाळीत भाऊबीजेला ताई आली, बरोबर भाचा आणि त्याचं रेकॉर्डिंगचं सामान. गावातले तीन म्हातारे टाळकरी चहाला बोलावले होते. त्यांचे खरे, मागंपुढं होणारे टाळ त्याला टिपायचे होते. टाळ टिपायचे तर मृदंग हवा. कुणी काही बोललं नाही. अण्णांनीच खुंटीकडं बघितलं.

ताईनं कणीक भिजवली. उजव्या तोंडाशी अण्णा बसले, डाव्याशी मी. उजवा हात त्यांचा, धूम माझी. म्हातारे भजन म्हणू लागले, अण्णांची बोटं पडली आणि मी मनात मोजायला लागलो. आठ मात्रांचा भजनी ठेका. आठ झाल्यावर मी नऊ मोजले. अण्णांनी माझ्याकडं न बघता मान हलवली. पुन्हा सुरू. पुन्हा नऊ. तिसऱ्या वेळी ताई म्हणाली, "सरक जरा," आणि पिठाच्या हातानं बसली.

तिनं मोजलं नाही. एका म्हाताऱ्याचा टाळ मागं पडला, अण्णांची बोटं थांबली आणि ताईचा हातही तिथंच थांबला, आणि दोघं बरोबर खाली आले. अण्णांनी मृदंग थोडा तिच्याकडं सरकवला. भाच्याचा फोन चालू होता का ते बघायचं मला सुचलं नाही. नंतर कळलं, चालू होता.

आतून बायकोनं विचारलं, "अहो, पोळ्यांची कणीक भिजवून ठेवलीय, लाटायला कुणी येतंय का?" बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. मी उठलो. मोजून दहा पोळ्या लाटल्या, आणि मग अकरावी.